मजकुराचें रूप आणि दुव्याचा पत्ता

'देवळामागचें तिसरें घर' असा पत्ता गांवांत कोणी सांगितला, तर ऐकणाराला तो पुरतो. कोणतें देऊळ, कोणतें गांव, कोणता तालुका, हें विचारण्याची वेळ येत नाहीं. कारण सांगणारा आणि ऐकणारा एकाच ठिकाणीं उभे असतात. तोच पत्ता चिठ्ठीवर लिहून परगांवीं पाठविला, म्हणजे मात्र निरर्थक होतो. चिठ्ठींतील एक अक्षरहि बदललेलें नसतें. बदललेली असते ती वाचणाराची जागा. संगणकाच्या पडद्यावर रोज जो मजकूर वाचला जातो, त्याच्या मुळाशीं हाच साधा प्रश्न गेलीं साठ वर्षें उभा आहे. एका जागीं लिहिलेला मजकूर उचलून दुसऱ्या जागीं नेला, तर त्याचें रूप आणि त्यांतून इतरत्र नेणारे दुवे शाबूत कसे राहावयाचे?

या इतिहासाचा आरंभ छापखान्यांत होतो. खिळे जुळवून छपाई होत असे, त्या काळीं लेखकाचें हस्तलिखित एकदम जुळाऱ्याच्या हातीं देत नसत. संपादनाचें काम करणारा माणूस तें आधीं वाची आणि समासांत व ओळींखालीं खुणा करी. शब्दाखालीं सरळ रेघ म्हणजे तिरपा ठसा, नागमोडी रेघ म्हणजे जाड ठसा, असे इंग्रजी छपाईंतील संकेत होते. अशा खुणा करण्याच्या कामाला इंग्रजींत 'मार्कअप' म्हणत. ही खूण कधीं छापली जात नसे. मजकूर वाचकासाठीं आणि खूण कारागिरासाठीं, हा भेद त्या वेळेपासूनचा आहे. आणि पुढें कारागिराच्या जागीं यंत्र आलें तरी तो कायम राहिला.

संगणकाकडून मजकूर छापून घेण्यास प्रारंभ झाला, तेव्हां याच खुणा निराळ्या वेषांत अवतरल्या. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जेरोम सॉल्टझर यांनीं १९६४ सालीं 'रनऑफ' नांवाची आज्ञावली लिहिली. तिच्यांत ओळीच्या आरंभीं एक टिंब देऊन पुढें आज्ञा लिहावयाची असे: येथें ओळ तोडा, येथें जागा सोडा, ही ओळ मधोमध घ्या. काम उत्तम होई. तथापि या पद्धतींत एक मूलभूत उणीव होती. खूण यंत्राला 'काय कर' हें सांगे, परंतु 'हें काय आहे' हें सांगत नसे. तिरपा ठसा पुस्तकाच्या नांवाला वापरतात, जोर द्यावयाच्या शब्दाला वापरतात आणि परभाषेंतील शब्दालाहि वापरतात. वाचकाला संदर्भावरून त्यांतील फरक उमगतो. यंत्राला तो कसा उमगावा? उद्यां कोणी लेखांतील सर्व पुस्तकांच्या नांवांची यादी मागितली, तर तिरप्या अक्षरांच्या गर्दींतून तीं निवडणार कशीं?

हा विचार मुद्रणव्यवसायांतील जाणत्या माणसांच्या मनांतहि घोळत होता. १९६७ च्या सप्टेंबरांत कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयांत भरलेल्या एका सभेंत विल्यम टनिक्लिफ यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, मजकुराचा आशय आणि त्याचें बाह्य रूप हीं एकमेकांपासून अलग केलीं पाहिजेत. विचार मांडला गेला. पण तो प्रत्यक्षांत आणण्याचें श्रेय बव्हंशीं एका वकिलाकडे जातें. चार्ल्स गोल्डफार्ब हे शिक्षणानें वकील. आयबीएम कंपनींत १९६९ सालीं त्यांच्याकडे वकिलांच्या कचेऱ्यांसाठीं एक पद्धति तयार करण्याचें काम आलें. तिच्यांत मजकुराचें संपादन, सांठविलेल्या मजकुरांतून हवा तो शोधणें आणि त्याची छपाई, अशीं तीन कामें एकत्र व्हावयाचीं होतीं. या तिन्ही कामांच्या आज्ञावल्या भिन्न होत्या आणि एकीच्या खुणा दुसरीला कळत नसत. गोल्डफार्ब आणि त्यांचे सहकारी एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी यांनीं खुणांचा अर्थच बदलला. 'हें शीर्षक', 'हा परिच्छेद', 'ही यादी' अशी मजकुराच्या प्रत्येक भागाची जात सांगणारी खूण त्यांनीं योजिली. मग शीर्षक जाड छापावयाचें कीं मोठें, हें छपाईच्या आज्ञावलीनें ठरवावें. शोध घेणाऱ्या आज्ञावलीनें त्याच खुणेचा उपयोग शोधासाठीं करावा. तिघांच्या आडनांवांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला 'जीएमएल' हें नांव मिळालें. तिचीच वाढलेली आवृत्ति 'एसजीएमएल' या नांवानें १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली.

या बदलाचें महत्त्व नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. 'येथें जाड ठसा वापर' असें म्हणणारा लेखक एका विशिष्ट छापखान्याला बांधलेला असतो. 'हें शीर्षक आहे' एवढेंच म्हणणारा लेखक आपल्या हातांतील कांहीं अधिकार सोडून देतो. पण त्या मोबदल्यांत त्याचा मजकूर कागदावर, पडद्यावर किंवा अंधांसाठीं मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या यंत्रांत, कोठेंहि आपल्या अर्थासह पोंचतो. लेखकाचा थोडा अधिकार जातो आणि मजकुराचें आयुष्य वाढतें.

मजकुराच्या रूपाची ही कथा चालू असतां दुव्यांची कथा अलग वाटेनें चालली होती. १९४५ च्या जुलैंत व्हॅनिव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञानें 'अटलांटिक' मासिकांत एका कल्पित यंत्राचें वर्णन केलें. मेजाच्या आकाराच्या या 'मेमेक्स' यंत्रांत हजारों ग्रंथ सूक्ष्म चित्रपटावर सांठवावयाचे, आणि वाचकानें एका ग्रंथांतील पान दुसऱ्या ग्रंथांतील पानाशीं जोडून आपल्या विचाराची पायवाट कायमची राखून ठेवावयाची, अशी ती योजना होती. पुढें १९६५ सालीं टेड नेल्सन यांनीं अशा परस्परांस जोडलेल्या मजकुराला 'हायपरटेक्स्ट' हें नांव दिलें. नेल्सन यांची अपेक्षा फार मोठी होती. दुवा दोन्ही बाजूंनीं चालावा, म्हणजे ज्या पानाकडे तो नेतो त्या पानालाहि त्याची खबर असावी. आणि तो कधींच तुटूं नये. ही योजना जितकी भव्य तितकीच दुर्घट ठरली.

इकडे दैनंदिन व्यवहारांत पत्त्यांचा प्रश्न अगदीं साध्या रीतीनें सुटत होता. संगणकावरील कागदपत्रें कप्प्यांत, कप्प्यांच्या आंतील कप्प्यांत, अशीं झाडाच्या फांद्यांप्रमाणें ठेवण्याची पद्धति 'मल्टिक्स' या योजनेंत पुढें आली. आणि बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं जन्मास घातलेल्या 'युनिक्स'नें तिचा प्रसार केला. युनिक्समध्यें कप्प्यांचीं नांवें तिरप्या रेघेनें तोडून लिहीत. एक टिंब म्हणजे 'आहों तोच कप्पा', आणि दोन टिंबें म्हणजे 'एक पायरी वरचा कप्पा'. मुळापासून सगळा पत्ता लिहिण्याऐवजीं 'एक पायरी वर जाऊन शेजारच्या कप्प्यांत पहा' एवढें लिहिलें तरी चाले. 'देवळामागचें तिसरें घर' या पत्त्याचाच हा यांत्रिक अवतार होय.

या दोन्ही वाटा जिनीव्हाजवळील 'सर्न' या प्रयोगशाळेंत एकत्र आल्या. तेथें हजारों शास्त्रज्ञ निरनिराळ्या देशांतून येत, कांहीं वर्षें काम करीत आणि निघून जात. त्यांच्याबरोबर माहितीहि हरवे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज तरुणानें १९८९ च्या मार्चमध्यें यावर उपाय सुचविणारा प्रस्ताव लिहिला. प्रस्ताव मोघम असला तरी उत्साह वाटावा असा आहे, अशा अर्थाचा शेरा मारून त्यांच्या वरिष्ठांनीं त्यांना काम पुढें नेऊं दिलें. १९९० च्या अखेरीस पहिलें वेबस्थळ आणि तें दाखविणारी आज्ञावली, म्हणजे पहिला ब्राउझर, तयार झालीं. मजकुराच्या खुणांसाठीं बर्नर्स-ली यांनीं नवें कांहीं शोधलें नाहीं. सर्नमध्यें एसजीएमएलच्या ज्या खुणा रुळलेल्या होत्या, त्यांतूनच त्यांनीं शीर्षकाच्या, परिच्छेदाच्या आणि यादीच्या खुणा उचलल्या. त्यांत मुख्य भर पडली ती दुव्याची. तीच 'एचटीएमएल' होय. १९९३ च्या ३० एप्रिलला सर्ननें हें सर्व कोणालाहि विनामूल्य वापरण्यास मोकळें केलें.

नेल्सन यांच्या योजनेशीं तुलना केली, तर वेबचा दुवा दुबळाच म्हणावा लागेल. तो एकाच दिशेनें जातो. ज्या पानाकडे तो नेतो त्या पानाला त्याचा पत्ताहि नसतो. तें पान हललें किंवा नाहीसें झालें तरी दुव्याला कळत नाहीं. परंतु या दुबळेपणांतच वेबच्या प्रसाराचें रहस्य आहे. कोणाची परवानगी न घेतां कोणीहि कोणाकडेहि दुवा देऊं शकतो. एका मध्यवर्ती दप्तरांत सर्व दुव्यांची नोंद ठेवावी लागली असती, तर वेब सर्नच्या फाटकाबाहेर कितपत पडली असती, याची शंकाच आहे.

दुवा म्हटला कीं पत्ता आला. पूर्ण पत्त्यांत कोणत्या रीतीनें जावयाचें, कोणत्या यंत्राकडे जावयाचें आणि त्या यंत्रावरील कोणत्या कप्प्यांत जावयाचें, हें सर्व असतें. त्यांतील दोन तिरप्या रेघांची कांहीं आवश्यकता नव्हती, हें स्वतः बर्नर्स-ली यांनीं २००९ सालीं मान्य केलें. पण प्रत्येक दुव्यांत एवढा लांबलचक पत्ता लिहिला, आणि पुढें तें सबंध दप्तर एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलविलें, तर त्यांतील यच्चयावत् दुवे सुधारावे लागतील. म्हणून आरंभापासूनच वेबमध्यें अपुऱ्या पत्त्याला, म्हणजे सापेक्ष दुव्याला, जागा ठेवण्यांत आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेंतील रॉय फील्डिंग यांनीं १९९५ च्या जूनमध्यें त्याचे नियम लेखी स्वरूपांत प्रसिद्ध केले. आणि २००५ च्या जानेवारींत बर्नर्स-ली, फील्डिंग व लॅरी मॅसिंटर यांनीं ते सुधारून कायम केले.

हे नियम उदाहरणानें चटकन् समजतात. समजा, एका लेखाचा पत्ता 'ग्रंथालय/इतिहास/पेशवाई' असा आहे आणि त्या लेखांत नुसत्या 'शिवकाल' या नांवाचा दुवा आहे. ब्राउझर प्रथम मूळ पत्त्यांतील शेवटच्या तिरप्या रेघेपुढचा भाग टाकून देतो. म्हणजे 'पेशवाई' जातें. उरलेल्या भागास तो 'शिवकाल' जोडतो आणि 'ग्रंथालय/इतिहास/शिवकाल' असा पुरा पत्ता तयार होतो. दुव्यांत आधीं दोन टिंबें, मग 'काव्य' आणि 'मोरोपंत' असें असेल, तर 'इतिहास' हा कप्पाहि गळतो आणि 'ग्रंथालय/काव्य/मोरोपंत' येथें वाचक पोंचतो. कोणी चुकून मुळाच्याहि वर चढावयास सांगितलें तर? १९९५ च्या नियमांप्रमाणें उरलेलीं टिंबें पत्त्यांत तशींच राहत. २००५ च्या नियमांनीं तीं मुकाट्यानें टाकून देण्यास सांगितलें. मुळाच्या वर कांहीं नाहीं, तेव्हां चढणारानें मुळापाशींच थांबावें, हा निर्णय व्यवहाराला धरून झाला.

या नियमांत एका रेघेचा खेळ किती मोठा असतो, हेंहि पाहण्यासारखें आहे. लेखाचा पत्ता 'ग्रंथालय/इतिहास' एवढाच असेल, तर शेवटच्या रेघेपुढचा 'इतिहास' गळून 'शिवकाल'चा दुवा 'ग्रंथालय/शिवकाल' असा होतो. परंतु तोच पत्ता शेवटीं एक तिरपी रेघ देऊन लिहिला, तर 'इतिहास' शाबूत राहतो आणि दुवा 'ग्रंथालय/इतिहास/शिवकाल' येथें जातो. वाचकाच्या डोळ्याला दोन्ही पत्ते सारखेच दिसतात. एका रेघेच्या अभावीं सबंध विभागाचे दुवे निकामी होण्याचे प्रसंग या धंद्यांतील माणसांना चांगलेच परिचयाचे आहेत.

पण या सर्व गणिताच्या आधीं एक प्रश्न सुटावा लागतो: मूळ पत्ता कोणता धरावयाचा? २००५ च्या नियमांनीं याचीं चार उत्तरें क्रमानें दिलीं आहेत. मजकुरानेंच आपला मूळ पत्ता सांगितला असेल, तर तो प्रमाण. तसें नसेल, तर तो मजकूर ज्या मोठ्या मजकुराच्या पोटांत आला असेल त्याचा पत्ता. तोहि नसेल, तर मजकूर शेवटीं ज्या पत्त्यावरून हातीं आला तो. आणि यांपैकीं कांहींच नसेल, तर दाखविणाऱ्या आज्ञावलीनें आपल्या परीनें ठरवावें. ग्रंथाचा अर्थ लावतांना आधीं ग्रंथकाराचें वचन पाहावयाचें, मग प्रकरणाचा संदर्भ, मग परंपरा आणि सरतेशेवटीं स्वतःचा तर्क, असा जो शहाणा क्रम असतो, त्याचीच येथें आठवण होते.

एकविसाव्या शतकांत या प्रश्नाची धार वाढली. वेबवरील पान हें पूर्वीं एकानें लिहिलेलें, एका जागीं ठेवलेलें असे. पुढें एकाच वेबस्थळांत शेंकडों लोकांनीं लिहावयाचें आणि यंत्रानें तें जुळवून दाखवावयाचें, अशी पद्धत रूढ झाली. सर्वसामान्य लेखकाला एचटीएमएलच्या कोनदार खुणा लिहिणें जाचक वाटे. म्हणून २००४ सालीं जॉन ग्रूबर यांनीं एरन स्वार्ट्झ यांच्या साह्यानें 'मार्कडाउन' ही सोपी लेखनपद्धति काढली. जोर द्यावयाच्या शब्दाभोंवतीं तारका घालाव्या, यादीच्या ओळीआधीं आडवी रेघ द्यावी, असे तिचे संकेत. आणि त्यांतील बरेचसे लोक आपल्या ई-पत्रांत आधींपासून वापरीतच होते. न रंगवितांहि मजकूर वाचतां यावा, हा तिचा बाणा. मात्र नियमांचा कांहीं भाग मोघम राहिल्यामुळें निरनिराळीं वेबस्थळें एकच मजकूर निरनिराळा दाखवूं लागलीं, आणि २०१४ सालीं 'कॉमनमार्क' या नांवानें कांटेकोर नियम लिहिण्याचा उद्योग इतरांना हातीं घ्यावा लागला.

परक्याचा मजकूर आपल्या पानावर दाखविण्यांत धोकाहि असतो. एचटीएमएलच्या पोटांतून ब्राउझरला आज्ञा देतां येतात. तेव्हां मजकूर म्हणून आलेली वस्तु एकाएकीं हुकूम गाजवूं लागते. २००५ च्या ऑक्टोबरांत 'मायस्पेस' या वेबस्थळावर सॅमी कामकार या तरुणानें आपल्या ओळखपानांत अशी एक आज्ञावली दडविली कीं, तें पान पाहणाराच्या पानांत ती आपोआप उतरावी, आणि तेथून पुढच्याच्या पानांत. एका दिवसाच्या आंत दहा लाखांहून अधिक पानें तिनें व्यापिलीं. वेबस्थळाचे चालक 'जावास्क्रिप्ट' हा शब्द आढळला कीं गाळीत असत. कामकारनें तो शब्द मधोमध तोडून दोन ओळींवर लिहिला. गाळणीला तो दिसला नाहीं. ब्राउझरनें मात्र दोन्ही तुकडे जोडून वाचले. वाईट तेवढें ओळखून गाळण्यापेक्षां, चांगलें म्हणून ठरविलेलें तेवढेंच आंत घेणें श्रेयस्कर, हा धडा अशा प्रसंगांतून दृढ झाला. मजकुरांतील दुव्यांचीहि हीच परीक्षा करावी लागते: आधीं पत्ता पुरा करावयाचा, मग तो योग्य जागींच जातो ना हें पाहावयाचें, आणि त्यानंतरच तो वाचकापुढें ठेवावयाचा.

देवनागरी लिपीच्या वांट्यास या पत्त्यांत एक खास अडचण आली. वेबचे पत्ते मुळांत इंग्रजी अक्षरांसाठीं आंखलेले. युनिक्सचेच केन टॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं 'यूटीएफ-८' ही लेखनरीति आंखली, तिच्यांत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन घटक लागतात. आणि जुन्या पत्त्याच्या नियमांनुसार प्रत्येक घटक शेंकड्याचें चिन्ह व दोन अंक-अक्षरें असा लिहावा लागतो. 'मराठी' या शब्दांत काना व वेलांटी धरून पांच चिन्हें आहेत. पत्त्यांत त्यांचीं पंचेचाळीस होतात! २००३ सालीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील एखाद्या लेखाचा पत्ता उचलून ई-पत्रांत घातला, तर पुष्कळदां हीच अगम्य माळ उमटते. २००५ सालीं देवनागरीसारख्या लिप्यांतील पत्त्यांचे नियम प्रसिद्ध झाले, आणि २०१४ सालीं '.भारत' हें देवनागरी अधिक्षेत्र खुलें झालें. तेव्हां पत्ता मराठींत लिहिण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. तो वहिवाटीचा होणें मात्र लिहिणारांवरच अवलंबून आहे.

या सर्व खटाटोपाचें मोल दुवे तुटतात तेव्हां कळतें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत आधार म्हणून दिलेल्या वेबपत्त्यांपैकीं सुमारें निम्मे मूळ मजकुराकडे नेत नाहींत, असें हार्वर्ड येथील अभ्यासकांना आढळलें. त्यांचा निबंध २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. २०१३ सालीं असलेल्या वेबपानांपैकीं ३८ टक्के पानें दहा वर्षांनीं उपलब्ध नव्हतीं, असें प्यू या संशोधनसंस्थेनें २०२४ सालीं दाखवून दिलें. निकाल शिल्लक राहतो, पण त्याचा आधार नाहीसा होतो. ज्याच्या हक्काचा त्या निकालांत निवाडा झाला, त्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाहीं. ब्रूस्टर केल यांनीं १९९६ सालीं स्थापिलेलें 'इंटरनेट आर्काइव्ह' जुनीं पानें जतन करून ठेवतें. त्यालाहि प्रत्येक जतन केलेल्या पानांतील दुवे असे फिरवावे लागतात कीं, ते आजच्या बदललेल्या स्थळाकडे न जातां त्याच काळाच्या जतन केलेल्या पानाकडे जावे. नुसतें पान उचलून ठेवणें म्हणजे जतन नव्हे. त्याच्या शेजाऱ्यांसह त्याला नांदवावें लागतें.

छापखान्यांतील नागमोडी रेघेपासून पत्त्यांतील दोन टिंबांपर्यंत हा सारा इतिहास एकाच गोष्टीभोंवतीं फिरतो. मजकुरानें आपण काय आहों आणि आपण कोठून बोलतों, हीं दोन्ही स्पष्ट सांगितलीं, तर यंत्रें बदललीं, घरें बदललीं, तरी तो वाचतां येतो. यांपैकीं एकहि मोघम राहिलें, तर अक्षरें जशींच्या तशीं उरतात आणि अर्थ मात्र मागेंच राहतो. म्हणून पुढच्या पिढीसाठीं कांहीं लिहून ठेवणारानें आपल्या लेखनाचा मूळ पत्ता त्या लेखनांतच नोंदवून ठेवणें हें उत्तम होय. हें काम अर्ध्या ओळीचें असतें. परंतु वाचणारा कोठें उभा असेल, हें लिहितेवेळीं कोणालाच ठाऊक नसतें.